गाडी ताब्यात देताना

कागदपत्रं डॅशबोर्डच्या खणात आहेत.
त्यांत नाही ते सांगतो.

ही गाडी अकरा वर्षं हर्णैच्या बंदरावर
बर्फ आणि सुरमई वाहत होती.
वास गेला, असं मी म्हणणार नाही.
सोडा, चुना, लिंबाच्या साली, सगळं झालं;
वैशाखात पत्रा तापला की
एखादी सुरमई अजून घरी येते.
मागचं दार उघडायचं आणि चहा टाकायचा.

लाकूडकाम अब्बास होडेकरांचं.
हयात होड्या बांधण्यात गेलेली. म्हणाले,
घर उभं असतं, ही हलणार. हिला होडी समज.
खिळा एक नाही, सगळे पितळी स्क्रू.
फळ्याफळ्यांत नखाएवढी फट दिसेल,
ती मुद्दाम आहे. आषाढात लाकूड फुगतं.
लांबी भरू नका.
आम्ही भरली होती एकदा;
श्रावणभर कपाट उघडलं नाही,
तांदूळ आत, आम्ही बाहेर.

पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलवर, अगदी खाली.
वजन वर नेलंत तर वळणावर
गाडी तुम्हाला विचारून झुकणार नाही.
सिलिंडरच्या खणाला तळाशी भोक आहे,
ते उंदराचं नाही, माझं.
गॅस जड, खाली बसतो, त्याला वाट हवी.
थंडी वाजली तरी बोळा कोंबू नका.

उंची नऊ फूट दहा इंच.
आरशाखाली रंगाने लिहिली आहे, ती नंतर लिहिली.
आधी आंजर्ल्याच्या एका पाखाडीशी
फणसाच्या फांदीने सोलरची काच घेतली.
झाडाच्या मालकीणबाईंनी भरपाई म्हणून
दोन फणस दिले.
ते ठेवायला जागा नव्हती.

वाळूत नेऊ नका.
नेणारच आहात, तर ऐका:
तिथीची पाऊणपट करा,
तेवढ्या वाजता भरती पुरी.
अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ.
चाकांतली हवा निम्मी सोडा,
आणि तोंड गावाकडे करून उभी करा.
पळायची वेळ येते तेव्हा
रिव्हर्स सापडत नाही.

दाभोळच्या फेरीबोटीत हँडब्रेकवर विसंबू नका.
सीटमागे लाकडाचा ठोकळा आहे, चाकाखाली सरकवा.
तो त्याच फणसाचा.

खारं वारं चासी रात्रीची खातं,
आवाज न करता.
मुक्काम हलवताना खालून गोडं पाणी मारा.
पाणी कोणाच्याही विहिरीचं चालेल, पण आधी विचारा.
न विचारता घेतलं तर नुसतं पाणी मिळतं.
विचारून घेतलं की सोबत सोलं, दोन आंबाडे,
आणि तुमचं मूळ गाव कोणतं, ही चौकशी.

आता ती दोरी.
मागून पुढे छताखालून जाते, टोकाला घंटा.
कुंदा तेवीस वर्षं दापोली डेपोत कंडक्टर होती,
मागे बसायची सवय सुटली नाही.
एक बेल, थांबा. दोन बेल, चला.
तीन बेल एसटीच्या नियमात नाहीत,
त्या तिने काढल्या:
तीन म्हणजे, रस्ता सोड, बाहेर बघ.
मी बघायचो. मग ती ओरडायची,
रस्त्याकडे बघा.

का विकता, असं विचारलंत तुम्ही.
इंजिनात काही नाही, हवं तर
कोणत्याही मेकॅनिकला दाखवा.
मागची पायरी जमिनीपासून अठरा इंच आहे.
अब्बासभाईंनी मोजपट्टी धरून विचारलं होतं,
गुडघा किती वर्षांचा धरू?
आम्ही हसलो होतो.
पन्नाशीत होतो, उडी मारून चढत होतो.

तुम्ही उद्याच एक फळी जोडून घ्या, नऊ इंचांवर.
आज लागणार नाही. तरी.

दोरी काढू नका.
हर्णैवरून जाताना आमच्याकडे थांबायलाच हवं
असं काही नाही, तुम्हाला पुढे जायचं असेल.
बर्फाच्या कारखान्यापुढचं तिसरं घर, निळी खिडकी.
तिथे आलात की
तीनदा ओढा.